क्रिनॉइड साफ करताना अनोळखी जीवाश्म निघाला तर?

क्रिनॉइडचा दगड साफ करायला घेतला, देठाच्या कड्या मोकळ्या होत आल्या आणि शेजारून भलतंच काहीतरी डोकावू लागलं. कधी जाळीचा तुकडा, कधी शिंगासारखं टोक, कधी नुसता गोल खड्डा. हे काय आहे? सुटं काढायचं का? कुणाला दाखवायचं? घरात ठेवलं तर कायद्याची भानगड होईल का? जीवाश्म जमवणाऱ्या वाचकांकडून हे प्रश्न वारंवार येतात. मानखुर्द, गोवंडी, चेंबूर या पट्ट्यातल्या वाचकांचा गोंधळ थोडा वेगळा असतो. विकत घेतलेला दगड, नातेवाइकांनी परदेशातून आणलेला दगड आणि मेट्रोच्या खोदकामातून उचललेला दगड हे तिन्ही एकाच खोक्यात पडलेले असतात.

अशा वेळी आपण आकार पाहून नाव शोधायला धावतो. पण ओळख पटवायला आकाराइतक्याच दोन गोष्टी लागतात. तो तुकडा कोणत्या खडकात आहे आणि क्रिनॉइडला नेमका कुठे टेकला आहे? तुकडा सुटा करून डबीत टाकलात की हे दोन्ही पुरावे गेले. म्हणून या लेखातला पहिला सल्ला काढण्याचा नसून थांबण्याचा आहे.

क्रिनॉइडबद्दल एवढंच लक्षात ठेवा

क्रिनॉइड हा तारामाशाच्या कुळातला, म्हणजे कंटकचर्मी, समुद्री प्राणी. वनस्पतीसारखा दिसतो, पण वनस्पती नाही. त्याला देठ, देठावर पेला आणि पेल्यातून फुटलेल्या भुजा असतात. हे सगळं शेकडो छोट्या चुनखडी पाट्यांचं बनलेलं असतं. प्राणी मेल्यावर त्या थोड्याच दिवसांत विखुरतात.

यातून कामाचा एक निष्कर्ष निघतो. तुमच्या दगडात अखंड क्रिनॉइड असेल, तर तो झटकन गाळाखाली गाडला गेला आहे. अशा वेळी त्याच्या अंगाखांद्यावर असलेले प्राणीही जागच्या जागी गाडले गेले असण्याची शक्यता मोठी असते. शेजारचा ‘कचरा’ हा कदाचित त्याचा सोबती असेल.

अनोळखी काही दिसताच करायच्या पाच गोष्टी

१. हत्यार खाली ठेवा. सुई, ब्रश, घासणी, सगळं बंद. ‘अजून थोडं उघडून बघू’ या मोहात बारीक भाग सर्वांत जास्त तुटतात.

२. फोटो काढा. वरून एक, चारही बाजूंनी एकेक. मग खोलीतला दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरून आणखी काही. आडव्या उजेडात उठाव स्पष्ट दिसतो. प्रत्येक फोटोत स्टीलची पट्टी ठेवा.

३. साधं रेखाटन करा. क्रिनॉइडचा पेला कुठे, देठ कोणत्या दिशेला, अनोळखी तुकडा पेल्यापासून किती मिलिमीटरवर. तो क्रिनॉइडला चिकटलेला आहे, त्याच्या खाली आहे की मध्ये खडकाचा थर आहे, हे शब्दांत लिहा.

४. चुरा टाकू नका. आतापर्यंत निघालेली भुकटी आणि टवके झिपच्या पिशवीत भरून तारीख घाला. त्यात भिंगाखालीच दिसतील असे जीवाश्म असू शकतात.

५. तुकडा सुटत असेल तरच आधार द्या. संग्रहालयांत यासाठी ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ वापरतात. ते पुढे कधीही ॲसिटोनने काढता येतं. घरातला फेव्हिकॉल किंवा झटपट चिकटणारा गोंद लावू नका. तो खडकात मुरतो आणि नंतर तपासणी अवघड होते.

जागेला एवढं महत्त्व का, हे प्लॅटिसेरास या शंखाच्या उदाहरणावरून कळतं. जुन्या क्रिनॉइडांच्या पेल्यावर हा टोपीसारखा शंख बसलेला आढळतो. एकोणिसाव्या शतकात काही अभ्यासकांना वाटलं की क्रिनॉइड त्या गोगलगाईला खात असावा. पुढे अनेक नमुने ताडून पाहिल्यावर ध्यानात आलं, की शंख पेल्यावरच्या गुदद्वारावर बसतो आणि त्याची कडा खालच्या पाट्यांच्या उंचसखलपणाप्रमाणे वाढलेली असते. म्हणजे गोगलगाय तिथे दीर्घकाळ मुक्कामाला होती आणि क्रिनॉइडच्या विष्ठेवर जगत होती. हे शंख सुटे करून ठेवले असते, तर उलगडा झालाच नसता.

दगड कुठला, हे आधी ठरवा

खडकाचं वय आणि गाव कळलं की अर्ध्याहून अधिक शक्यता आपोआप गळतात. तुमचा दगड खालीलपैकी कुठल्या वाटेने आला ते पाहा.

- मोरोक्कोचा, विकत घेतलेला. बाजारात मिळणाऱ्या मोठ्या क्रिनॉइड-फरशा बहुधा स्कायफोक्रिनाइट्स या प्रकाराच्या असतात. वय सुमारे ४२ कोटी वर्षं. त्याच देशातून येणाऱ्या इतर दगडांत सरळ शंखाचे नॉटिलॉइड आणि ट्रायलोबाइट असतात. इथे बनावटीची शक्यताही सर्वांत जास्त असते.

- अमेरिकेतून आणलेला. इंडियाना राज्यातलं क्रॉफर्ड्सव्हिल क्रिनॉइडसाठी प्रसिद्ध आहे. तिथले खडक सुमारे ३४ कोटी वर्षांचे. सोबत प्लॅटिसेरास, भुजांत गुंडाळून बसलेले ब्रिटल स्टार, ब्रायोझोआच्या जाळ्या आणि ब्रॅकिओपॉड मिळतात.

- कच्छच्या सहलीतला. हे खडक ज्युरासिक काळातले. क्रिनॉइडच्या सुट्या चकत्या, बऱ्याचदा पंचकोनी ताऱ्यासारख्या, आणि त्यांच्याबरोबर अमोनाइट, बेलेम्नाइट, शिंपले असा मेळ इथे असतो.

- स्पितीचा. इथे वेगवेगळ्या कालखंडांचे समुद्री थर एकावर एक आहेत. त्यामुळे नुसतं ‘स्पिती’ हे नाव पुरत नाही. गाव, नाला, उतार अशी नेमकी जागा हवी.

या यादीचा उपयोग असा. ट्रायलोबाइट सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी संपले. ज्युरासिक काळ त्यानंतरचा. तेव्हा ‘कच्छच्या’ क्रिनॉइडशेजारी ट्रायलोबाइट दिसत असेल, तर तो दगड कच्छचा नाही, ती आकृती ट्रायलोबाइटची नाही किंवा कुणीतरी ती चिकटवली आहे. चौथी शक्यता नाही.

मानखुर्दच्या जमिनीतून निघालेला दगड असेल तर

मुंबईचा पाया लाव्हाच्या खडकांचा आहे. हे खडक साधारण सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. दोन लाव्हाथरांच्या मधल्या काळात साचलेला गाळ काही ठिकाणी सापडतो आणि त्यात जीवाश्मही आहेत. वरळीच्या अशा थरातल्या चिमुकल्या बेडकाचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केलं. आज तो इंडोबॅट्रॅकस पुसिलस या नावाने ओळखला जातो. जोगेश्वरीजवळच्या आंबोली खाणीतल्या कासवाला २००३ मध्ये सांकुचेमिस सेठनाय असं नाव मिळालं. पण बेडूक आणि कासवं राहणाऱ्या त्या उथळ जलाशयांत क्रिनॉइड राहू शकत नाही. त्याला समुद्राचंच पाणी लागतं.

म्हणून मंडाळ्याच्या मेट्रो डेपोच्या बाजूला, एखाद्या इमारतीच्या पायात किंवा तुर्भ्याच्या टेकडीच्या उतारावर ‘क्रिनॉइडचा देठ’ दिसला, तर आधी पुढच्या गोष्टी तपासा.

- नळीसारखे उभे खांब. लाव्हा थंड होताना वाफेचे बुडबुडे वर सरकतात, त्यांच्या नळ्या पुढे पांढऱ्या खनिजाने भरतात. अशी नळी देठासारखीच दिसते, पण तिच्यावर आडव्या सांध्यांच्या सारख्या अंतरावरच्या रेषा नसतात आणि मध्ये नियमित भोक नसतं.

- एका बिंदूतून फुटलेल्या पांढऱ्या सुया. हे झिओलाइट गटातलं खनिज, उदाहरणार्थ स्कोलेसाइट. महाराष्ट्राच्या काळ्या दगडात ते भरपूर मिळतं. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे शेकडो नमुने एकत्र पाहता येतात. एकदा ते पाहिलेत की पुन्हा फसणार नाही.

- काळी, नेच्यासारखी नक्षी. भेगेतून झिरपलेल्या पाण्याने सोडलेल्या मँगनीजच्या ऑक्साइडांची ही डेंड्राइट नक्षी. तिला जाडी नसते.

- चिखलातले शिंपले, बार्नेकल, शंख. ठाण्याच्या खाडीच्या गाळातून निघणारे हे अवशेष बहुधा आजच्या किंवा भूगर्भाच्या हिशेबात कालपरवाच्या प्राण्यांचे असतात. गाळात जुनं काही नसतंच असं मात्र नाही. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली झाडांचे बुंधे उभेच्या उभे सापडले होते.

एका बाबतीत सावध राहा. मुंबईच्या खोदकामात काळ्या दगडांच्या मध्ये पातळ पापुद्र्यांचा, राखाडी किंवा काळसर मातकट खडक आणि त्यात हाडं किंवा पानांचे ठसे दिसले, तर तो क्रिनॉइडपेक्षा मोलाचा शोध असू शकतो. तो साफ करायला घेऊ नका. फोटो काढून सरळ तज्ज्ञांना कळवा.

बऱ्याचदा तो क्रिनॉइडचाच भाग असतो

चित्रात आपण अखंड प्राणी पाहिलेला असतो. दगडात येतात ते त्याचे सुटे भाग. अनोळखी तुकड्याला नवं नाव देण्याआधी ही यादी ताडून बघा.

- मध्ये भोक असलेली गोल, लंबगोल किंवा ताऱ्यासारखी चकती: देठाची कडी.
- बारीक कड्यांची वळणदार शेपटी: देठाला फुटलेला आकडा. याने काही क्रिनॉइड आधार धरतात.
- पाच-सहा कोनांची सपाट पाटी: पेल्याची पाटी.
- दोन फाटे फुटलेला छोटा तुकडा: भुजा जिथे दुभंगते तिथला सांधा.
- मुळांसारखा पसारा: तळाशी चिकटण्याचा भाग.
- आत कप्पे असलेला पोकळ गोळा: स्कायफोक्रिनाइट्सचा लोबोलिथ.

शेवटच्या गोळ्याने मोठमोठ्या अभ्यासकांनाही चकवलं आहे. अमेरिकी भूवैज्ञानिक जेम्स हॉल यांनी १८७९ मध्ये त्याला कॅमरोक्रिनस असं स्वतंत्र नाव दिलं होतं. पुढे तो स्कायफोक्रिनाइट्सच्या देठाच्या टोकाचा भाग असल्याचं स्पष्ट झालं. प्राणी त्याच्या आधारे तरंगत होता की गाळात रुतून उभा होता, यावर मतभेद झाले. तुमच्या मोरोक्कन फरशीतून गोटीसारखं काही निघालं, तर आधी हीच शक्यता धरा.

घरच्या घरी करायची खूण: कंटकचर्मी प्राण्याची प्रत्येक पाटी म्हणजे कॅल्साइटचा एक अखंड स्फटिक असतो. आधीच तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली धरून दगड हळूहळू फिरवा. सपाट पृष्ठभाग एका क्षणी संपूर्ण लखलखला, तर तुकडा क्रिनॉइडचा किंवा त्याच्या कुळातल्या कुणाचा तरी आहे. शिंपला तुटतो तेव्हा थर किंवा तंतू दिसतात, असा एकसंध लखलखाट होत नाही. ही खूण पाहण्यासाठी नवा तुकडा मात्र मोडू नका. सोनार वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरेसं आहे. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा यूएसबी मायक्रोस्कोप असेल तर फोटोही काढता येतील.

शेजारी कोण असू शकतं

क्रिनॉइडचा भाग नाही असं दिसलं, तर खालच्या खुणा पाहा. खडकाचं वय जुळतं का, हे प्रत्येक वेळी तपासा.

- बारीक खिडक्यांची जाळी किंवा पंखा: फेनेस्टेला गटातला ब्रायोझोआ. जाळीऐवजी स्क्रूसारखा पीळ असेल तर आर्किमिडीज या ब्रायोझोआचा मधला दांडा.
- शिंग, आणि तोंडाशी मध्याकडे जाणारे पडदे: एकटं राहणारं जुनं प्रवाळ.
- दोन शिंपांचं कवच: एकाच शिंपेच्या मधोमध रेघ ओढल्यावर दोन्ही अर्धे सारखे दिसले तर ब्रॅकिओपॉड. दोन शिंपा एकमेकींचं प्रतिबिंब असतील, पण प्रत्येक शिंप तिरपी असेल तर बहुधा आपल्या तिसऱ्यांच्या कुळातला द्विपुट.
- पेल्यावर बसलेला टोपीवजा शंख: प्लॅटिसेरास. हात लावू नका.
- भुजांमध्ये गुंडाळलेले बारीक, सांध्यासांध्यांचे पाच हात: ब्रिटल स्टार. हाही हात न लावण्याच्या यादीत.
- सरळ निमुळती नळी, आत कप्पे: नॉटिलॉइड. भरीव, गोळीसारखं टोक आणि आडव्या छेदात मध्यातून निघणाऱ्या रेषा: बेलेम्नाइट.
- पाच पाकळ्यांची नक्षी असलेली कळी: ब्लास्टॉइड, क्रिनॉइडचा लुप्त झालेला नातलग.
- तीन उभ्या भागांत विभागलेलं, आडव्या कड्यांचं कवच: ट्रायलोबाइट. बहुतेक वेळा पूर्ण प्राणी नसून फक्त शेपटी किंवा गाल मिळतो, कारण तो कात टाकत असे.
- देठावर चिकटलेली, वेटोळं घातलेली सूक्ष्म नळी: देठावर घर केलेला नळीवासी प्राणी.
- देठाला आलेली गाठ आणि तिच्यात गोल खड्डा: ही वस्तू नसून खूण आहे. परजीवी बसला होता आणि त्याच्याभोवती क्रिनॉइडची वाढ झाली. खड्डा कोरून ‘साफ’ केलात तर जीवाश्मच नाहीसा कराल.
- चुऱ्यात सापडलेला मोहरीएवढा, घेवड्याच्या दाण्यासारखा दुपाखी दाणा: ऑस्ट्राकोड. तपकिरी, चकचकीत, दातेरी कण: कोनोडोंट. खडकाचं वय ठरवायला कोनोडोंट इतके उपयोगी असतात, की चुऱ्याची ती पिशवी तज्ज्ञाला दगडाइतकीच हवी असते.

जुळणारी खूण मिळाली तरी जातीच्या नावापर्यंत उडी मारू नका. ‘ब्रायोझोआ, बहुधा फेनेस्टेला गट’ एवढं लिहिलेलं नाव प्रामाणिक असतं आणि पुढच्या माणसाच्या कामीही येतं.

चिकटवलेला नग ओळखा

विकत घेतलेल्या फरशीत अनपेक्षित ‘पाहुणा’ निघाला, तर आनंद व्यक्त करण्याआधी या चार तपासण्या करा.

1. भिंगाखाली पाहुण्याच्या कडेने हवेचे बुडबुडे दिसतात का? दगडात ते नसतात, गोंदात असतात.
2. अंधारात अतिनील टॉर्चचा उजेड टाका. अनेक रेझिन खडकापेक्षा वेगळ्या रंगात चमकतात.
3. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन कोपऱ्यात, जीवाश्मापासून दूर पुसा. बोळ्याला रंग लागला तर खडक रंगवलेला आहे.
4. पाहुण्याखालचा खडक आणि बाकीचा खडक यांचा दाणा आणि रंग एकच आहे का ते पाहा.

मोरोक्कोच्या फरशांत तुटलेले भाग जोडणं, हरवलेले भाग कोरणं, दोन दगड एकत्र करणं हे सर्रास चालतं. विकणाऱ्याने तसं सांगितलं असेल तर त्यात गैर नाही. लपवलं असेल तर ती फसवणूक.

पुढे काय: तीन पर्याय

पर्याय १: आहे तसं सोडा. तुकडा क्रिनॉइडला चिकटलेला असेल, केसाएवढा बारीक असेल किंवा तुम्हाला ओळख पटत नसेल, तर हाच पर्याय. अर्धवट उघडलेला नमुना दिसायला अपुरा वाटेल, पण अभ्यासाला पुरतो.

पर्याय २: स्वतः साफ करा. ओळख पटली आहे, खडक मऊ आहे आणि तुकडा भक्कम आहे, तरच. दातांच्या डॉक्टरांच्या सुया, मऊ ब्रश आणि भिंग पुरे. सुई नेहमी जीवाश्माला समांतर किंवा त्याच्यापासून दूर ढकला. पुढचे नियम मोडू नका.

- व्हिनेगर, लिंबू, बाथरूमचं ॲसिड वापरू नका. क्रिनॉइडही कॅल्साइटचा आणि भोवतालचा चुनखडीचा दगडही कॅल्साइटचा. दोन्ही एकत्रच विरघळतील. व्हिनेगरचा थेंब टाकून फेस येतो का ते पाहायचंच असेल तर दगडाच्या मागच्या बाजूला टाका. फेस आला म्हणजे जीवाश्म सिद्ध झाला असंही नाही, कारण आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतही कॅल्साइट असतो.
- परदेशातल्या व्हिडिओंत दाखवतात ते कॉस्टिक पोटॅशचे खडे घरात आणू नका. ते कातडी आणि डोळे जाळतात.
- ग्राइंडर बंद खोलीत चालवू नका. दगडाच्या बारीक धुळीने फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो. एन-९५ मास्क, चष्मा आणि मोकळी हवा हवीच. दहा बाय दहाच्या खोलीत मुलं झोपली असताना हे काम नको.
- मातकट खडक पाण्यात भिजत घालू नका. तो फुगून फुटतो आणि जीवाश्म घेऊन जातो.
- दगडात सोनेरी चमकणारे पायराइटचे कण असतील तर मुंबईच्या पावसाळ्यात तो भुसभुशीत होऊ शकतो. सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा.

पर्याय ३: तज्ज्ञांकडे सोपवा. पेल्यावरचा शंख, भुजांतला ब्रिटल स्टार, आजवर पाहिलेल्या कुठल्याच चित्राशी न जुळणारी रचना आणि मुंबईच्या मातीतलं कुठलंही हाड, यांच्यासाठी.

कुणाला विचाराल

मानखुर्दमध्येच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं केंद्र असून त्याचं काम विज्ञान शिक्षणाचं आहे. जीवाश्म ओळखून देणारं ते कार्यालय नाही. तिथे दगड घेऊन जाण्याऐवजी पुढचे मार्ग धरा.

- मुंबई: पवईच्या आयआयटीचा भूविज्ञान विभाग आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग. आंबोलीच्या कासवाला ज्यांचं नाव दिलं आहे ते प्रा. सेठना झेवियर्समध्येच शिकवत.
- पुणे: आघारकर संशोधन संस्था, जिथे जीवाश्मांवर काम चालतं, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग.
- नागपूर: भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागीय कार्यालय.
- लखनौ: बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था, विशेषतः वनस्पतींचे जीवाश्म असतील तर.

दगड घेऊन थेट दारात उभे राहू नका. आधी ईमेल करा आणि त्यात एवढंच लिहा: दगड कुठून आणि कधी मिळाला, विकत घेतला असेल तर विक्रेत्याने सांगितलेलं ठिकाण, दगडाचं आणि तुकड्याचं माप, तुमची शंका एका वाक्यात, आणि पट्टीसह चार-पाच स्पष्ट फोटो. किंमत विचारू नका. संशोधन संस्था मूल्यांकन करत नाहीत आणि तो प्रश्न दिसला की उत्तर लांबतं.

तुमची मुलगी किंवा मुलगा सहावी-नववीच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसाठी प्रकल्प शोधत असेल, तर दगड फोडण्यापेक्षा चुऱ्यातले कण वेचून मोजणं हा निर्धोक आणि शास्त्रशुद्ध विषय आहे.

कायदा काय म्हणतो

भारतात फक्त जीवाश्मांसाठी असा सर्वंकष केंद्रीय कायदा नाही. भूवारसा स्थळं आणि भूअवशेष यांच्या जतनाच्या विधेयकाचा मसुदा खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये हरकतींसाठी जाहीर केला होता, पण मसुदा म्हणजे कायदा नव्हे. म्हणून ‘सगळं चालतं’ असं मात्र समजू नका.

- वनजमीन: भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार वनातला दगड आणि खनिजंही वनोपजात मोडतात. परवानगीशिवाय उचलणं गुन्हा ठरू शकतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून काहीच उचलू नका.
- कांदळवनं आणि खाडी: मानखुर्दजवळच ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. ते २०१५ मध्ये घोषित झालं आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ झालं. तिथे किंवा कांदळवनात खणायला जाऊ नका.
- खासगी जमीन आणि बांधकामं: मालकाची किंवा कंत्राटदाराची परवानगी, तीही लेखी, घ्या.
- जमिनीत सापडलेली मोलाची वस्तू: १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. जीवाश्मांचा त्यात नावाने उल्लेख नाही. तरी मोठं हाड किंवा सांगाडा निघाला तर लेखी कळवणं हाच सुरक्षित मार्ग.
- प्रवाळ आणि शंख: आजच्या प्रवाळांना आणि काही शंखांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे. ‘जीवाश्म’ म्हणून कुणी ताजं पांढरं प्रवाळ विकत असेल तर घेऊ नका.
- परदेशी नमुने: मोरोक्कोतून जीवाश्म बाहेर नेण्यास परवाना लागतो. चीनमध्ये २०११ पासून जीवाश्म संरक्षणाचे कडक नियम आहेत. कागदपत्रं नसलेला चिनी क्रिनॉइड स्वस्त मिळाला तरी टाळा.

तुमचे हक्क

- फसवणूक झाली तर: ऑनलाइन विक्रेत्याने मूळ देश सांगणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती आणि तपासणीचे फोटो जपून ठेवा. आधी विक्रेत्याला लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते.
- नमुना संस्थेला दिला तर: पावती मागा. नमुना पाहायला दिला आहे, उसना दिला आहे की दान केला आहे, हे त्यावर स्पष्ट लिहून घ्या. उसना असेल तर परतीची तारीख, दान असेल तर नोंद क्रमांक.
- नवी जात निघाली तर: ज्यावरून नवी जात ठरते तो नमुना सार्वजनिक संग्रहात राहणं अपेक्षित असतं. तो परत मिळेल असं धरून देऊ नका. शोधणारा म्हणून तुमच्या नावाची नोंद व्हावी, अशी विनंती मात्र देतानाच करा.

लेबल लिहा, आजच

घरातला कुठलाही जीवाश्म लेबल नसेल तर दहा वर्षांनी नुसता दगड होतो. पोस्टकार्डच्या पाव आकाराच्या कागदावर पेन्सिलने किंवा न पुसणाऱ्या शाईने एवढं लिहा:

- नमुना क्रमांक. तोच क्रमांक दगडाच्या मागे आणि फोटोंच्या फोल्डरवर.
- मूळ ठिकाण. ऐकीव असेल तर ‘विक्रेत्याच्या सांगण्यावरून’ असं.
- कुणाकडून आणि केव्हा मिळाला.
- क्रिनॉइडचा कोणता भाग आहे.
- सोबत काय आहे, ते क्रिनॉइडला कुठे आणि कसं टेकलं आहे.
- कोणता गोंद, कोणतं रसायन, कुठे वापरलं.
- ओळख कुणी पटवली. पटली नसेल तर ‘अनिश्चित’.

शेवटच्या रकान्यात ‘अनिश्चित’ लिहायला संकोचू नका. जागा, खडक आणि संपर्क यांची नोंद पूर्ण असेल तर नाव पुढे कुणीही देऊ शकेल. घाईने सुटा केलेल्या तुकड्याला ती संधी पुन्हा मिळत नाही.